पटावरचं मूल, पोर्टलवरचं मूल

उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लागतो का, एवढीच परीक्षा असायची. हात कानाला लागला की मूल पहिलीत बसण्याजोगं झालं, असं गुरुजी ठरवायचे आणि जनरल रजिस्टरात पुढच्या रिकाम्या ओळीत त्याचं नाव लिहायचे. जन्मतारखेचा कागद घरात नसायचाच. मग वयाचा हिशेब जुळेल अशी एक तारीख गुरुजीच घालायचे, बहुतेकदा 1 जून. आज साठी-सत्तरीत असलेल्या एवढ्या मराठी माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी का येतो, याचं उत्तर ज्योतिषात नाही, त्या रजिस्टरात आहे. ओळीच्या डाव्या टोकाचा आकडा हा त्या मुलाचा पहिला नंबर. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच उतरायचा आणि पुष्कळांना आयुष्यभर तेवढा पुरायचा.

आता पहिलीत येणारं मूल नंबरांची मोळीच घेऊन येतं. आई गरोदर असताना आरोग्य खात्याने तिला एक नंबर दिलेला असतो आणि बाळाच्या लसी पुढे त्याच नोंदीला जोडल्या जातात. जन्म झाला की ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मनोंदणी क्रमांक. अंगणवाडीत 2021 पासून पोषण ट्रॅकरवरची नोंद. मग निळं बाल आधार. शाळेत जनरल रजिस्टर आहेच, शिवाय राज्याच्या 'सरल' प्रणालीचा विद्यार्थी आयडी, केंद्राच्या यू-डायस प्लस पोर्टलवरचा 'पेन' हा कायमचा शिक्षण क्रमांक आणि आता अपार आयडी. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात. ती निदान एकदाच लिहिते.

हे सगळे नंबर एकमेकांना ओळखतात का, हा या लेखाचा प्रश्न आहे. ओळखत नसतील, तर त्यांची ओळख करून देण्याचं काम कोणाच्या गळ्यात पडतं?

नंबरांच्या मुळात दोन जाती आहेत, बोलके आणि मुके. 'सरल' 2015 मध्ये आलं आणि त्याने मुलाला 19 आकडी आयडी दिला. पहिले चार आकडे वर्षाचे, पुढचे अकरा शाळेच्या यू-डायस क्रमांकाचे आणि शेवटचे चार अनुक्रमांकाचे. शाळेच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे 27, म्हणजे महाराष्ट्र. त्यानंतर जिल्हा, तालुका, गाव, शाळा. नुसता नंबर वाचून कारकून सांगू शकतो की हे पोर कुठल्या गावच्या कुठल्या शाळेतून नोंदलं गेलं. कारकुनाची सोय झाली, पण मूल शाळा बदलतं आणि नंबर बदलत नाही. परभणीच्या वस्तीशाळेत नोंदलेली मुलगी पिंपरीत दहावी झाली तरी तिचा आयडी परभणीच सांगत राहतो. पॅनही असाच बोलका: चौथं अक्षर 'पी' म्हणजे व्यक्ती आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर. अमेरिकेतला सोशल सिक्युरिटी नंबरही 25 जून 2011 पर्यंत पहिल्या तीन आकड्यांतून प्रदेश सांगायचा. ठिकाण आणि वेळ माहीत असेल तर उरलेले आकडे ताडता येतात, हे लक्षात आल्यावर तिथे यादृच्छिक आकडे द्यायला सुरुवात झाली.

आधार मात्र जाणूनबुजून मुकं ठेवलं आहे. अकरा आकडे यादृच्छिक आणि बारावा तपासणीचा. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर तो शेवटचा आकडा चूक पकडतो. ही रीत याकोबस व्हेर्हूफ या डच गणितज्ञाची, 1969 ची. आधारच्या आकड्यांत जात, गाव, वय काहीच नाही. पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिलं गेलं, तेव्हा त्यातली ही गोष्ट मला सगळ्यात शहाणपणाची वाटली होती आणि अजूनही वाटते. घोटाळा आकड्यांत नाही. तो पुढे, आकडा मुलाशी जुळवताना होतो.

जुळवणी जन्माच्या नोंदीपासून सुरू व्हायला हवी. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची. नाव ठरलेलं नसलं तरी चालतं, ते 12 महिन्यांत विनाशुल्क आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. बारसं लांबलं म्हणून नोंद लांबवायचं कारण नाही. 2023 च्या दुरुस्तीने या कागदाचं वजन एकदम वाढवलं: 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी आणि आधार या सगळ्यांसाठी जन्माची तारीख आणि ठिकाण यांचा पुरावा म्हणजे जन्माचा दाखला. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. गुरुजींनी घातलेल्या 1 जूनपेक्षा दवाखान्यातली नोंद कधीही बरी.

पण नोंद जन्म जिथे झाला तिथे होते, आईबाप राहतात तिथे नाही. बीडची ऊसतोड करणारी बाई कोयता घेऊन दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर किंवा बेळगावकडे जाते. हंगामात ती कारखान्याच्या खोपटात किंवा जवळच्या दवाखान्यात बाळंत होते. नोंद झालीच तर ती तिथल्या दप्तरात राहते आणि उन्हाळ्यात कुटुंब गावी परततं. तीस दिवस उलटले की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. पारध्यांच्या किंवा नाथजोग्यांच्या पालावर जन्मलेल्या मुलाची गोष्ट याहून लांबची, कारण तिथे आईच्या जन्माचाच कागद नसतो. मूळ दस्तऐवज एकच असावा हे ठीक, पण तो एकच असेल तर तो हुकलेल्या मुलाच्या हातात दुसरं काहीच उरत नाही.

शिक्षणहक्क कायद्याचं कलम 14 इथे मदतीला येतं: वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. मुख्याध्यापक ते पाळतातही. मूल वर्गात बसतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं. पोर्टलला मात्र ते दिसत नाही.

बाल आधारची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण पालकांचा सर्वांत जास्त गोंधळ तिथे होतो. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं घेत नाहीत, फक्त फोटो काढतात. मुलाचं आधार आई किंवा वडील यांच्यापैकी एकाच्या आधारला जोडलं जातं. दोघंही लागत नाहीत. टाकलेल्या बाईच्या लेकराला निदान इथे तरी बापाच्या सहीसाठी हिंडावं लागत नाही. आपल्या सरकारी फॉर्मांमध्ये एवढा समजूतदारपणा विरळाच.

पण एका माणसाला एकच नंबर, ही आधारची सगळी प्रतिज्ञा ठशांवर उभी आहे आणि बाल आधारमध्ये ठसेच नाहीत. आईच्या माहेरी एकदा आणि सासरी एकदा नोंदलेल्या बाळाला दोन नंबर मिळाले, तर यंत्राला ते खात्रीने पकडता येत नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आधार प्राधिकरणावरच्या अहवालात नेमकं यावरच बोट ठेवलं. मार्च 2019 पर्यंत बाल आधारवर झालेला 310 कोटी रुपयांचा खर्च त्यांनी टाळता येण्याजोगा ठरवला आणि लहान मुलांचं वेगळेपण टिपायचा दुसरा मार्ग शोधा असं सुचवलं. तो अहवाल 2022 मध्ये संसदेपुढे आला. निळी कार्डं निघतच राहिली.

मूल पाच वर्षांचं झालं की ठसे आणि बुबुळं द्यायची आणि पंधराव्या वर्षी ती पुन्हा द्यायची, कारण बोटं वाढतात. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयांत हे मोफत होतं, मधल्या वयात पैसे पडायचे. 1 ऑक्टोबर 2025 पासून एका वर्षासाठी मधल्या वयाचं शुल्कही माफ केलं आहे. माफ करावं लागलं, कारण पालक येतच नव्हते. 2025 मध्ये प्राधिकरणाने राज्यांना कळवलं की ठसे अद्ययावत करायचे राहिलेले सुमारे 17 कोटी नंबर आहेत. यात पालकांचा आळस असेलही, पण केंद्र तालुक्याला, यंत्र एक आणि त्यात सर्व्हर डाऊन. मजुरी बुडवून दोनदा परत आलेला बाप तिसऱ्यांदा जात नाही.

ठसे जुळले तरी नाव जुळायचं असतं. यू-डायस प्लसवर मुलाचं नाव, लिंग आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहतात. तिन्ही जुळलं तर 'व्हॅलिड', नाही तर 'इनव्हॅलिड'. मराठी नावांची इथे जी दैना होते तिला तोड नाही. शाळेचा दाखला आडनाव आधी लिहितो, आधार शेवटी. ज्ञानेश्वर रोमन लिपीत लिहायचा तर मराठी माणूस 'डी-एन-वाय'ने सुरू करतो, हिंदी वळणाचा ऑपरेटर 'जी-वाय'ने. लक्ष्मीत एका ठिकाणी 'एक्स', दुसऱ्या ठिकाणी 'के-एस-एच'. सावंतांचा 'व' कधी 'डब्ल्यू', कधी 'व्ही'. माझ्या ओळखीच्या एका मुख्याध्यापिका सांगत होत्या, की त्यांच्या शाळेत दोन सख्खे भाऊ आहेत आणि दोघांच्या आडनावांची स्पेलिंगं वेगळी. दोघंही आपापल्या आधारप्रमाणे बरोबर, बापाच्या आधारप्रमाणे दोघंही चूक.

त्यात एका चांगल्या निर्णयाने भर घातली आहे. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असं लिहायचं, हे महाराष्ट्र सरकारने ठरवलं. आईचं नाव आलं याचा आनंद आहेच. पण आता एकाच घरात थोरलीचं नाव तीन शब्दी आणि धाकट्याचं चार शब्दी. ताडून पाहणाऱ्या संगणकाला हा सामाजिक बदल कोणीतरी समजावून सांगायला हवा.

आता शाळेच्या वर्मावर येऊ. ते वर्म म्हणजे संचमान्यता. शाळेत किती मुलं, त्यावरून किती शिक्षक, हे ठरवणारा तो वार्षिक कागद. 30 सप्टेंबरचा पट धरतात. पट घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचं समायोजन कुठल्या तरी दूरच्या शाळेत होतं. म्हणून पट फुगवायची सवय जुनी. नांदेडमध्ये जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी मुलं प्रत्यक्ष मोजून पाहिली, तेव्हा कागदावरची मुलं आणि बाकावरची मुलं यांतलं अंतर उघडं पडलं. त्यानंतर 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत उभं करता येऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली, मतदानाला लावतात तशी. लाखो नावं खोटी निघाली.

अमेरिकेतही असंच झालं होतं. 1986 च्या करसुधारणा कायद्याने अट घातली, की करसवलतीसाठी पाच वर्षांवरची मुलं दाखवायची तर त्यांचा सोशल सिक्युरिटी नंबर द्या. पुढच्या विवरणपत्रांतून सुमारे 70 लाख 'मुलं' नाहीशी झाली. काही कधी जन्मलीच नव्हती, काहींना घटस्फोटित आई आणि बाप दोघंही आपापल्या विवरणपत्रात दाखवत होते. लगेच, 1987 पासून, तिथे दवाखान्यातच जन्माच्या फॉर्मबरोबर नंबर मागायची सोय सुरू झाली. न्यू जर्सीत बाळंत होणारी पुण्याची मुलगी आज तोच फॉर्म भरते आणि काही आठवड्यांत बाळाचं कार्ड टपालाने घरी येतं. नंबर मागितला की भुतं पळतात, हे खरंच आहे. पण तिथे सरकारने अट घातली आणि नंबर द्यायची जबाबदारी दवाखान्यातून स्वतःकडे घेतली. आपण अट घातली आणि जबाबदारी शाळेवर टाकली.

म्हणजे काय, ते सांगतो. 2022-23 च्या सुमारास शिक्षण विभागाने ठरवलं, की संचमान्यतेसाठी आधार वैध असलेलीच मुलं धरायची. त्यानंतर वर्षाआड मुदतवाढी, निवेदनं, न्यायालयं असं चालू आहे. बोगस पटाला आळा बसावा हा हेतू वाजवी, मी त्याच्या बाजूने आहे. पण शाईने मोजताना वर्गात उभं असलेलं प्रत्येक मूल मोजलं गेलं होतं. आधारने मोजताना वर्गात उभं असलेलं मूलही मोजणीतून सुटतं, कारण त्याची जन्मतारीख जुळत नाही किंवा ठसे उमटत नाहीत. आणि अशी मुलं सारख्या प्रमाणात सगळीकडे नसतात. ती पालावर असतात, वीटभट्टीवर असतात, आश्रमशाळेत असतात. जिथे शिक्षक सर्वांत जास्त हवा, तिथलाच शिक्षक या हिशेबाने कमी होण्याचा धोका सर्वांत जास्त.

मग शिक्षक काय करतो? तो स्वतःच्या दुचाकीवर दोन पोरं बसवून आधार केंद्रावर जातो. पालकाला शपथपत्र करायला शंभर-दोनशे रुपये देतो. रात्री अकरानंतर पोर्टल हलकं होतं म्हणून तेव्हा लॉगिन करतो. केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सअॅप गटावर रोज शाळानिहाय टक्केवारी येते, लाल रंगात. त्या दिवसांत पाढे कोण घेतं, हे विचारू नये.

कायदा काय म्हणतो, हे पाहिलं तर चित्र अगदी वेगळं आहे. 26 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक असा निकाल देऊन आधार कायदा बहुतांशी कायम ठेवला, पण मुलांना बाजूला काढलं. शाळाप्रवेश हा लाभ किंवा अनुदान नाही, सहा ते चौदा वयाचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, म्हणून प्रवेशासाठी आधारची सक्ती नाही. मुलाची नोंद करायची तर पालकांची संमती हवी आणि सज्ञान झाल्यावर बाहेर पडायची मुभाही हवी. 2019 च्या दुरुस्तीने हे कायद्यात कलम 3 अ म्हणून आलं. ठसे जुळले नाहीत किंवा नंबर दाखवता आला नाही, तरी बालकाला कोणताही लाभ नाकारता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

म्हणून आजची सक्ती मुलावर नाही, मुलाच्या शिक्षकावर आहे. कागदोपत्री कोणालाच काही नाकारलेलं नाही. फक्त मूल गणतीत नाही, म्हणून शिक्षक कमी. न्यायालयाचा शब्द पाळून त्याचा अर्थ गमावण्याची ही कारकुनी हातोटी दाद देण्यासारखी आहे.

अपारबद्दल थोडक्यात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या मागोमाग 2023 मध्ये आलेला हा 12 आकडी आयडी मुलाच्या गुणपत्रिका आणि श्रेयांक डिजिलॉकरमध्ये एकत्र ठेवतो. शाळा बदलली तरी मागचं सगळं पुढे येईल, ही कल्पना चांगली. तो ऐच्छिक आहे, पालकांच्या लेखी संमतीने मिळतो आणि संमती मागेही घेता येते. पण संमतीपत्रांचा गठ्ठा पहिल्याच पालकसभेत वाटला जातो आणि पाच मिनिटांत सह्या होऊन परत येतो, कारण तो कशाचा आहे हे कोणी सांगत नाही. अपारसाठी पेन लागतो, पेनवरचं नाव आधारशी जुळावं लागतं. म्हणजे नवा नंबर जुन्या नंबरांचं भांडण मिटवत नाही, त्यावर बसतो.

ब्रिटनमध्ये मुलाला राष्ट्रीय विमा क्रमांक सोळाव्या वाढदिवसाच्या थोडं आधी टपालाने येतो, आईबापांनी बालभत्ता घेतला असेल तर आपोआप. कमवायचं वय आलं, आता हा घे. त्याआधी शाळेला तो लागत नाही. आपल्याकडे असंच असावं असं नाही, आपले प्रश्न वेगळे आहेत. पण कोणत्या वयाला कोणता नंबर खरोखर लागतो, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही, एवढं मात्र खरं.

अठराव्या वर्षी काय होतं? मतदारयादीसाठी सतरा पूर्ण झाल्यावरच अर्ज करता येतो, 2022 पासून वर्षाला चार पात्रता तारखा आहेत. आणि कलम 3 अ प्रमाणे, अठरा पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत लहानपणी घेतलेलं आधार रद्द करायचा अर्ज त्या तरुणाला करता येतो. 2011 मध्ये पाच वर्षांची असलेली मुलं 2024 मध्ये या दारापाशी पोचली. पण 1 जुलै 2025 पासून नवा पॅन काढायलाही आधार सक्तीचं झालं आहे आणि पहिल्या पगारालाही पॅन मागतात. दार उघडं आहे, पलीकडे पायरी नाही.

शिक्षण विभागाला एवढंच सांगावंसं वाटतं: 30 सप्टेंबरला मुलं मोजा, हवं तर पुन्हा शाई लावून मोजा. आधारचं यंत्र शाळेत पाठवा, शाळा यंत्राकडे पाठवू नका. जे मूल बाकावर आहे ते नंबर येईपर्यंत संचमान्यतेत धरा. तोवर पालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. घरात पाच किंवा पंधरा वर्षांचं मूल असेल तर ठसे शाळा सुरू होण्याआधी, मे महिन्यातच अद्ययावत करून घ्यावेत. आणि नंबर नाही म्हणून गणवेश, पुस्तकं किंवा खिचडी कोणी अडवली, तर आधार कायद्याच्या कलम 3 अ चं तिसरं उपकलम लेखी अर्जात लिहून द्यावं आणि अर्जाची पोच घ्यावी.